हॅचबॅकचं मागचं सस्पेन्शन: आधी स्प्रिंग की शॉकअप?

घाटवळण: पेट्रोल हॅचबॅक, मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पीळ घेणारा आडवा तुळईसारखा भाग), ८५ हजार किमी. वळणात खड्डा आला की मागची बाजू उडून बाहेर सरकते. पाच जण बसले की बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टेकतं त्या रबरावर) आदळते. गॅरेजवाला कॉइलमध्ये रबर बफर घाला म्हणतो, मित्र म्हणतो जाड तारेच्या स्प्रिंगा टाक. वरंधा, ताम्हिणीत गाडी पकडून चालावी एवढंच हवंय.

पाना_चौदा: बफर नकोच. अडकलेले वेढे काम करत नाहीत, सगळा ताण उरलेल्यांवर येतो आणि स्प्रिंग तुटू शकते.

उडणं हा शॉकअपचा रोग आहे. बाकी मापं तीच ठेवून तार १० ऐवजी ११ मिमी घेतली, तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक होते. थकलेल्या शॉकअपला तिची उसळी आवरणार नाही, गाडी आणखी उडेल.

शॉकअप जोडीनेच बदला, बंप स्टॉप आणि वरची माउंट रबरंही. खालचा बोल्ट काढण्याआधी बीमला जॅकचा आधार द्या, नाहीतर बीम खाली येऊन ब्रेकच्या नळीला ओढ बसते. नवा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून मगच बसवा, कारण आडवा पडून आत हवा शिरलेली असते. खालचा बोल्ट शेवटी कसायचा तो गाडी चाकांवर उतरल्यावर. लटकत असताना कसला तर बुशचं (बोल्टाभोवतीच्या रबरी जोडाचं) रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

टो_इन: बीमचे पुढचे दोन बुशही बघा. पहार घालून हलवा, चिरा दिसतील. बुश ढिला झाला की वळणात अख्खा बीम किंचित फिरतो, म्हणजे मागची चाकंही स्टिअर करतात. बऱ्याच बुशना दिशा असते, जुन्याची खूण बीमवर करूनच नवा प्रेस करा. पॉलियुरेथेनच्या कडक बुशच्या नादी लागू नका: बीमला पीळ घ्यावा लागतो आणि कडक बुश तिथे अडतो. नंतर चारही चाकांचं अलाइनमेंट. मागचा टो (वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) बहुतेक टॉर्शन बीमच्या गाड्यांत ॲडजस्ट होत नाही. आकडा मर्यादेबाहेर आला तर बीम वाकलाय का ते आधी तपासा.

घाटवळण: आणि मागे जादा अँटीरोल बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारा दांडा)?

पाना_चौदा: टॉर्शन बीम स्वतःच तो बार आहे. आणखी कडक केलात तर पुढून सरकणं कमी होईल, पण ओल्या घाटात वळणामध्येच ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू फिरेल. पावसाळी घाटासाठी मी तरी बसवणार नाही.

पाच जणांचं आदळणं वेगळं. सपाट जागी रिकाम्या गाडीत चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू मोजा. मॅन्युअलमधल्या उंचीपेक्षा गाडी बसलेली असेल तर नव्या स्टँडर्ड स्प्रिंगा, त्याही जोडीनेच. आणि फुल लोडला मागच्या टायरचा दाब दाराच्या स्टिकरवर वेगळा दिलेला असतो, तो कुणी भरतच नाही.