काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं: पोरं थांबतच नाहीत

गंगापूररोडकर

मंडळी, एक अडचण आहे. गंगापूर रोडला मित्राच्या बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या दोन खोल्यांत आम्ही चौघांनी जुन्या कॉम्प्युटरांचं छोटं संग्रहालय मांडलंय. दर रविवारी सकाळी उघडतो, चहा आमचाच. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकर करत कागद ओढायला लागला की पोरं जागची हलत नाहीत. सव्वापाच इंची फ्लॉपी हातात दिली की आजोबा मंडळी सुरू होतात. पण ज्या टेबलासाठी मी दोन महिने खपलो, तिथे कोणी दहा सेकंद थांबत नाही.

विषय असा, की वेब यायच्या आधी लोक कॉम्प्युटरवरून चर्चा कशा करायचे. भिंतीवर तक्ता लावलाय: १९७३ बर्कलीचं कम्युनिटी मेमरी, १९७८ शिकागोचं सीबीबीएस, १९७९-८० यूजनेट, १९८४ फिडोनेट. बायको म्हणाली, "लग्नपत्रिका वाटते, नुसती नावं." खाली एका ३८६ वर, म्हणजे जुन्या पीसीवर, यूजनेट या चर्चांच्या जाळ्यावरचे जुने संदेश फिरते ठेवलेत. गेल्या रविवारी नववीतली एक मुलगी बघून म्हणाली, "काका, हा तर व्हॉट्सॲप ग्रुपच. फक्त फोटो नाहीत." आणि गेली प्रिंटरकडे.

तिला काय सांगायला हवं होतं, ते आठवडाभर सुचलेलं नाही. ती चुकली असं म्हणवत नाही, आणि बरोबर म्हणायलाही जीभ रेटत नाही.

जुना मोडेम

तुमचं मशीन फार भराभर दाखवतंय, घोळ तिथेच आहे. फोनच्या तारेवरून कॉम्प्युटर जोडणारा ३०० बॉडचा मोडेम सेकंदाला साधारण ३० अक्षरं आणायचा. ८० कॉलम, २५ ओळी म्हणजे २,००० अक्षरं. पडदा भरायला मिनिटाच्या वर! तेवढाच वेग बांधून टाका. अक्षर अक्षर उमटायला लागलं की माणूस आपोआप वाचतो, डोळ्यांना दुसरं कामच नसतं.

आणि खुर्ची एकच ठेवा. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत हिमवादळ आलं, तेव्हा घरी अडकलेल्या वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी रँडी सूस यांच्याबरोबर सीबीबीएसचं, म्हणजे फोनवरून जोडायच्या कॉम्प्युटर-फळ्याचं, काम हाती घेतलं. डोक्यात होता तो कॉम्प्युटर क्लबचा नोटीस बोर्ड, टाचण्या लावून चिठ्ठ्या टोचायचा. १६ फेब्रुवारीला तो सुरू झाला, पण फोनची लाइन एकच. एक जण आत असला की बाकीच्यांना एंगेज. तुमच्याकडेही एक मूल बसलं की बाकीच्यांच्या हातात फोनचा रिसीव्हर द्या आणि एंगेज टोन ऐकवा. या पोरांनी तो ऐकलाय कधी?

सातपूर शिफ्ट

वेगाचं पटलं, पण त्या मुलीचा प्रश्न तसाच राहिला की.

मला हे सगळं एसटीडी बूथवरून कळतं. मी सेकंड शिफ्ट सुटली की बहिणीला नागपूरला फोन लावायचो, रात्री अकरानंतर, कारण तेव्हा पाव दर. बूथबाहेर रांग, प्रत्येकाची नजर मीटरच्या लाल आकड्यांवर. बोलायचं काय ते आधी कागदावर लिहून आणायचो. फिडोनेट या जाळ्यातली मशीनं हेच करायची: दिवसभराचे संदेश साठवायचे, रात्री दर उतरले की एकमेकांना फोन लावायचा, गठ्ठा द्यायचा-घ्यायचा, ठेवून द्यायचा.

यूजनेटचीही तीच जात. ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस यांची कल्पना, पहिली देवाणघेवाण शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाशी. मधे कुठे मोठं मशीन नाही, मालक नाही. याने त्याला दिलं, त्याने पुढच्या दोघांना. व्हॉट्सॲपचा निरोप कंपनीच्या सर्व्हरवरून जातो. हा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जायचा, कॉलनीतून हळदीकुंकवाचं बोलावणं जातं तसा. मुलीला हे सांगा.

सांगू नका खरं तर, खेळवा. आठ पोरं उभी करा, शेजारी कोण ते ठरवून द्या. एकाने चिठ्ठी लिहायची. घंटा झाली की शेजाऱ्यांना नक्कल करून द्यायची, आणि घेणाऱ्याने वर डावीकडे स्वतःचं नाव लिहून पुढे उद्गारचिन्ह टाकायचं. यूजनेटच्या संदेशात माथ्यावर 'पाथ' नावाची ओळ असते, ती अशीच वाढते. चिठ्ठीवर ज्याचं नाव आधीच आहे त्याला ती परत द्यायची नाही. एवढ्या एका नियमावर निरोप गोल गोल फिरायचा थांबतो.

ळकार

चिठ्ठ्या उत्तम. पण गंगापूररोडकर, ते फिरते संदेश कोणाचे आहेत? नावं, पत्ते झाकलेत का?

मी नव्वदच्या दशकात सॉक कल्चर इंडियन मराठी या यूजनेटवरच्या मराठी गटावर पडीक असायचो. रोमनमध्ये मराठी लिहायचो. 'ळ'साठी कॅपिटल एल वापरायचा की साधाच, यावर भांडणं. तेव्हा डिस्क भरली की सर्व्हर जुने संदेश काढून टाकायचा, त्यामुळे आपण लिहिलेलं दोन-तीन आठवड्यांत जाणार हे गृहीतच. पण कोणीतरी टेप जपल्या. टोरोंटो विद्यापीठात हेन्री स्पेन्सर यांनी ठेवल्या होत्या, १९९५ पासून डेजा न्यूज ही वेबसाइट संदेश साठवत गेली, २००१ मध्ये तो साठा गूगलने घेतला. इतिहासाच्या दृष्टीने सोनं, पण माझं विशीतलं शहाणपण नाशिकच्या भिंतीवर नको बुवा. सार्वजनिक झालेलेच लावा. लिनस टोरवाल्ड्स यांचा २५ ऑगस्ट १९९१ चा संदेश घ्या, फावल्या वेळात ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, काही मोठं नाही, असं सांगणारा. तीच सिस्टिम पुढे लिनक्स झाली.

गंगापूररोडकर

ळकार, कान पकडतो. बाकीचे उतरवले, टोरवाल्ड्स तेवढे ठेवले. ३० अक्षरांच्या वेगाने ते बरेच नम्र वाटतात.

आज चिठ्ठ्यांचा खेळ केला. मधला एक मुलगा वडापाव आणायला गेला तो गेलाच. त्याच्या पलीकडच्यांना निरोप मिळेना, शेवटी खिडकीकडून फिरून आला, माथ्यावर सहा नावं घेऊन. मग प्रत्येकाला आपल्या चिठ्ठीवरची नावं मोजायची होती! प्रिंटर अर्धा तास गप्प. ती नववीतली आली होती. तिने चिठ्ठी लिहिली, "३८६ वर गाणी वाजतात का?" आणि उत्तर कधी येणार म्हणून विचारलं. म्हटलं, पुढच्या रविवारी. ती म्हणाली, "एवढ्या उशिरा?" पण चिठ्ठी खोक्यात टाकून गेली.

तर आता दोन गोष्टी हव्यात. एंगेज टोनचं रेकॉर्डिंग कोणाकडे आहे का? आणि त्या ३८६ साठी चालू स्थितीतलं साउंड कार्ड, शनिवारपर्यंत.