अ‍ॅचिसन खरंच ‘एका दिवसाचा राष्ट्राध्यक्ष’ होता का?

तळटीप:
अमेरिकेवरच्या प्रश्नमंजुषेत हमखास येणारा प्रश्न: एका दिवसापुरता राष्ट्राध्यक्ष कोण झाला? छापील उत्तर: डेव्हिड राइस अ‍ॅचिसन, ४ मार्च १८४९. माझं म्हणणं, हा प्रश्न कायमचा काढून टाकावा. मुळात उत्तरच चूक आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेव्हा राष्ट्राध्यक्षाची मुदत ४ मार्चला दुपारी बारा वाजता संपायची. जेम्स पोक यांची त्या दिवशी संपली. पण तो रविवार होता, म्हणून निवडून आलेले झॅकरी टेलर यांनी शपथ घेतली सोमवारी, ५ तारखेला. उपराष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांचीही शपथ त्याच दिवशी झाली. १७९२च्या कायद्याप्रमाणे या दोघांनंतरचा क्रम सिनेटच्या हंगामी अध्यक्षाचा, आणि २ मार्चला त्या जागी मिझुरीचे अ‍ॅचिसन निवडले गेले होते. एवढ्यावरून दंतकथा उभी राहिली.

ती कोसळते ती अशी. अ‍ॅचिसन यांची सिनेटची मुदतही त्याच ४ मार्चला संपली. पुढच्या मुदतीची शपथ त्यांनी ५ तारखेलाच घेतली आणि हंगामी अध्यक्ष म्हणून फेरनिवडही त्याच दिवशी झाली. टेलर यांनी शपथ घेतली नाही म्हणून ते राष्ट्राध्यक्ष नव्हते असं धरलं, तर राष्ट्राध्यक्षपदाची शपथ अ‍ॅचिसन यांनी तरी कुठे घेतली?

कायदेकानू:
असहमत. अ‍ॅचिसन यांचा दावा कच्चा आहे हे मान्य, पण प्रश्न टाकाऊ नाही. शपथेला तुम्ही फारच हलकं लेखताय. ३५ शब्दांची ती शपथ राज्यघटनेत शब्दशः दिलेली आहे. पदाचं काम हाती घेण्याआधी ती घ्यावीच लागते. म्हणजे त्या रविवारी दुपारपासून सोमवारी दुपारपर्यंत विधेयकावर सही करण्याचा अधिकार नेमका कुणाला होता? हा पेच खरा होता. म्हणून तर १९३३च्या विसाव्या घटनादुरुस्तीत ‘निवडून आलेली व्यक्ती पदासाठी पात्र ठरली नाही तर’ अशी वेगळी तरतूद करावी लागली. १९४७च्या वारसाक्रमाच्या कायद्यातही ती आहे.

तळटीप:
@कायदेकानू, तुम्ही दिलेलं कलम माझ्याच बाजूचं आहे. ‘काम हाती घेण्याआधी’ शपथ हवी, ‘पद मिळण्याआधी’ नव्हे. मुदत आपोआप सुरू होते, शपथ फक्त कामाला लागण्याची अट आहे. शपथेनेच पद मिळतं असं म्हणाल तर हे तीन प्रसंग कसे बसवणार?

वॉशिंग्टन यांची पहिली मुदत ४ मार्च १७८९ पासून मोजतात, शपथ मात्र ३० एप्रिलची. मधल्या आठ आठवड्यांचा राष्ट्राध्यक्ष म्हणून कुणाचं नाव घेतलं जात नाही.

राष्ट्राध्यक्ष मन्रो यांच्या दुसऱ्या मुदतीचा ४ मार्च १८२१ हाही रविवार. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं मत घेऊन त्यांनी ५ तारखेला शपथ घेतली. तिथेही ‘एका दिवसाचा’ कुणी नाही.

आणि सगळ्यात बोलकं उदाहरण राष्ट्राध्यक्ष हेज यांचं. १८७६ची निवडणूक इतकी वादग्रस्त ठरली की ३ मार्च १८७७च्या शनिवारी व्हाइट हाउसच्या रेड रूममध्ये त्यांना गुपचूप शपथ देण्यात आली. आधीचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची मुदत अजून संपली नव्हती. तुमच्या हिशेबाने त्या रात्री अमेरिकेला दोन राष्ट्राध्यक्ष होते!

नंदादीप:
हेजचा मुद्दा बिनतोड. त्याला टायलर यांची जोड द्या. राष्ट्राध्यक्ष हॅरिसन ४ एप्रिल १८४१ ला वारले, उपराष्ट्राध्यक्ष टायलर यांनी ६ तारखेला राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. उपराष्ट्राध्यक्षपदाची शपथ पुरेशी आहे, ही केवळ पुढे शंका नको म्हणून घेतोय, अशी त्यांची भूमिका शपथ देणाऱ्या न्यायाधीशाने प्रमाणपत्रात नोंदवली होती.

दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली. १७९२चा कायदा लागू होतो तो पदच्युती, मृत्यू, राजीनामा किंवा असमर्थता या चार कारणांसाठी. रविवारी शपथ टाळणं त्यात कुठेच बसत नाही. आणि तो लागू झाला असता तरी हंगामी अध्यक्षाने राष्ट्राध्यक्ष ‘म्हणून काम पाहायचं’ होतं, राष्ट्राध्यक्ष ‘व्हायचं’ नव्हतं.

कायदेकानू:
चार कारणांचा मुद्दा मान्य, अ‍ॅचिसन बाद. शपथेबाबत मात्र मी हटणार नाही. नुसता उपचार असता तर २००९ साली ओबामांच्या शपथेत ‘निष्ठापूर्वक’ हा शब्द जागा चुकून उच्चारला गेला म्हणून दुसऱ्या दिवशी मॅप रूममध्ये ती पुन्हा का घेतली? राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना १९२३ मध्ये पहाटे २:४७ ला वडिलांनी नोटरी या नात्याने शपथ दिली, तीही त्याच महिन्यात न्यायाधीशाकडून पुन्हा घेण्यात आली. हातात सत्ता असलेली माणसं एवढी काळजी घेतात ती उगाच नाही. आणि विसाव्या दुरुस्तीतल्या ‘पात्र ठरली नाही तर’ला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

तळटीप:
ती दुरुस्ती १९३३ची, १८४९ला लावता येत नाही. ओबामांनी फेरशपथ घेतली ती खबरदारी म्हणून. त्यांचा पहिला दिवस आजही २० जानेवारीच धरतात, २१ नव्हे.

नंदादीप:
प्रश्न ठेवायचाच असेल तर असा विचारा: ‘मिझुरीतल्या प्लॅट्सबर्गमध्ये कुणाच्या थडग्यावर “एका दिवसाचा राष्ट्राध्यक्ष” असं कोरलं आहे?’ दगडावर ते खरंच कोरलेलं आहे, त्यामुळे उत्तर अ‍ॅचिसनच येईल आणि बरोबरही असेल.

कायदेकानू:
हे चालेल. त्याखाली दोन ओळींचं स्पष्टीकरण मात्र छापाच, नाहीतर वाचणारा दगडावरचंच खरं धरून चालेल.