लाइक मिळत गेले की माणूस कडवा होतो का?

पारवा_४२: एरवी मवाळ लिहिणारे वर्षभरात टोकाचं लिहू लागतात. मुळातला स्वभाव बाहेर येतो की लाइकची चटक लागते? आणि ग्रुप ॲडमिनच्या हातात काय असतं?

उंबरठा: चटक हे मोठं कारण. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली ७,३३१ जणांची १ कोटी २७ लाख ट्वीट तपासली. संतापाच्या ट्वीटला जास्त लाइक, रीट्वीट मिळाले की तो माणूस पुढे आणखी संतापून लिहितो. ज्यांचं वर्तुळ मवाळ, त्यांच्यावर हा परिणाम जास्त दिसला. कट्टर वर्तुळात संताप हीच रीत, तिथे लाइक न मिळताही लोक तसंच लिहितात.

समजा, 'आज टँकर आला नाही' याला ३ लाइक पडले आणि 'टँकरवाल्यांशी यांचं साटंलोटं आहे' याला ६०. तिसऱ्या पोस्टपर्यंत टँकर गायब होतो, उरतात फक्त 'हे लोक'. पोस्टमध्ये 'हे लोक' किती वेळा येतंय ते मोजा. शिव्यांपेक्षा ती खूण लवकर सापडते.

खडूस_काका: सगळं माणसाच्या माथी मारू नका. कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना फेसबुकवर २०१७ पासून इमोजी प्रतिक्रियेला लाइकच्या पाचपट वजन होतं, रागावलेल्या चेहऱ्यालाही! त्या चेहऱ्याचं वजन शून्यावर आणायला सप्टेंबर २०२० उजाडला.

निंबोणी: पण व्हॉट्सॲपचं काय? धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या आणि तेव्हा तिथे अंगठा द्यायची सोयही नव्हती. 'सगळ्यांत आधी मी सांगितलं' हा मानही पुरतो. त्याच महिन्यात भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा आली.

ॲडमिनसाठी: दुहेरी बाणाचा (म्हणजे अनेकदा फॉरवर्ड झालेला) मेसेज आला की स्रोत विचारा, नाही मिळाला तर सर्वांसाठी डिलीट करा. वाद पेटला तर काही तास 'फक्त ॲडमिन' सेटिंग ठेवा. चारचौघांत झापू नका, माणूस हुतात्मा होतो. थेट काढून टाकलंत तर जिथे सगळे माना डोलावतात अशा ग्रुपात जाऊन बसतो. आधी खासगीत बोला.

पारवा_४२: इन्स्टाग्रामवर लाइकचा आकडा लपवता येतो ना? त्याने फरक पडेल?

उंबरठा: थोडाच. दुसऱ्यांच्या पोस्टचे आकडे सेटिंगमधून एकदम लपतात. पण स्वतःच्या पोस्टचा आकडा लपवला तरी तो इतरांपासून लपतो. तुम्हाला तो बघता येतोच. त्यामुळे लाइकच्या नोटिफिकेशन आधी बंद करा.