मदत हवी आहे: माउंटन बाइकचे केबलवाले डिस्क ब्रेक कमी खर्चात कसे सुधारावेत?

प्रश्न
हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) सायकल आहे, पुढे-मागे केबलवर चालणारे डिस्क ब्रेक. कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कला चिमटणाऱ्या भागात, एकच पॅड हलतो. डिस्क १६० मिमी, सहा बोल्टच्या. गिअर बदलायचा शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर एकाच युनिटमध्ये आहेत. सपाटीवर चालून जातं, पण लांब उतारावर लिव्हर हँडलबारला टेकतो तरी वेग पुरेसा कमी होत नाही. मागचा ब्रेक कर्कश ओरडतो. दोन्हीकडे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) सेट एकदम घेणं परवडणार नाही. टप्प्याटप्प्यानं करायचं तर सुरुवात कुठून करावी?

प्रतिसाद १
सुरुवात ॲलन कीपासून करा, खरेदीपासून नको. लिव्हर टेकतो याचं कारण बहुतेक वेळा ॲडजस्टमेंटमध्येच सापडतं.

या कॅलिपरमध्ये बाहेरचा पॅड हलतो आणि डिस्कला किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. स्थिर पॅड डिस्कपासून लांब असेल तर लिव्हरची निम्मी चाल डिस्क वाकवण्यातच जाते. म्हणून आधी कॅलिपरचे दोन्ही बोल्ट सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि बोल्ट आलटूनपालटून थोडेथोडे आवळा. मग चाकाच्या बाजूचा स्क्रू आऱ्यांमधून फिरवून स्थिर पॅड डिस्कला घासेपर्यंत आत घ्या, आणि घासणं थांबेल एवढाच मागे आणा.

पॅड झिजले की बरेच जण केबल ताणून ती झीज भरून काढतात. असं करू नका! कॅलिपरचा आर्म (केबल ज्याला ओढते तो दांडा) मग आधीच अर्धा वळलेला राहतो आणि खरा जोर हवा तेव्हा त्याची चाल संपलेली असते. झीज पॅडच्या स्क्रूनं भरायची. बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलच्या टोकाशी ताण कमी-जास्त करणारा स्क्रू, फक्त बारीक फरकासाठी.

त्यानंतर आतली वायर आणि आउटर (वायरवरचं आवरण) बदला. साधं ब्रेक आउटर गुंडाळलेल्या पट्टीचं असतं, जोर लावला की ते स्वतःच दबतं. मागच्या ब्रेकची केबल लांब असल्यामुळे तिथे हे जास्त जाणवतं. ब्रेकसाठीच बनवलेलं कॉम्प्रेशनलेस, म्हणजे न दबणारं, आउटर मिळतं, ते घ्या. गिअरचं साधं आउटर मात्र ब्रेकला कधीही लावू नका, त्यातल्या उभ्या तारा ब्रेकच्या ताणानं फाकून आउटर फुटू शकतं. कापलेलं टोक कानशीनं सपाट करा, आतल्या नळीचं दबलेलं तोंड टोच्यानं उघडा, मग टोपी बसवा.

प्रतिसाद २
ओरडणाऱ्या मागच्या ब्रेकबद्दल: चेनवर मारलेला स्प्रे डिस्कवर उडाला असण्याची शक्यता मोठी. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापडानं पुसा. पॅडचा पृष्ठभाग नुसता चकाकत असेल तर बारीक सँडपेपरवर घासून पाहा. तेल प्यायलेला पॅड मात्र वाचत नाही, नवा घ्या.

पॅड घेताना डिस्कवर काय छापलंय ते वाचा. ‘रेझिन पॅड ओन्ली’ असेल तर मेटल पॅड लावू नका, ते अशी मऊ डिस्क लवकर खातात. रेझिन पॅड शांत असतात आणि थंड असतानाही चांगले पकडतात. मेटल पॅड उष्णता आणि चिखल जास्त सोसतात.

पुढचा टप्पा म्हणजे समोर १८० मिमी डिस्क. तेवढ्याच जोरात १६०च्या मानानं साधारण साडेबारा टक्के जास्त पकड मिळते, शिवाय उष्णताही जास्त पेलते. फक्त समोर, कारण ब्रेक लागताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं चाक तसंही लवकर घसरतं. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दुपाखी दांड्याला) किती मोठी डिस्क चालते हे आधी तपासा. मोठ्या डिस्कसाठी कॅलिपर सरकवणारा ॲडॉप्टर फोर्कच्या माउंटप्रमाणे घ्यावा लागेल: बोल्टची भोकं चाकाच्या एक्सलला समांतर असतील तर आयएस, एक्सलला काटकोनात, पुढे-मागे दिशेत असतील तर पोस्ट माउंट. डिस्कचे बोल्ट टी-२५ टॉर्क्सचे असतात, समोरासमोरच्या क्रमानं आवळा.

प्रश्नकर्ता
आभार! एवढं करूनही कमी पडलं, तर फक्त समोर हायड्रॉलिक लावलेलं चालेल का?

प्रतिसाद ३
चालेल, आणि पैसे वाचवायचे तर तेच करावं. शिमानो एमटी२००सारखा साधा दोन पिस्टनचा (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्यांचा) सेटही तुमच्या केबल ब्रेकपेक्षा खूप कमी बोटाच्या जोरात काम करतो. दोन्ही पॅड हलतात आणि झीज आपोआप भरून निघते.

तुमच्याकडे खरी अडचण जोडलेल्या युनिटची आहे. पुढचा ब्रेक ज्या हाताला आहे, त्या बाजूला शिफ्टरही वेगळा घ्यावा लागेल. तो खर्च आधीच धरा, आणि शिफ्टर घेताना त्या बाजूच्या गिअरची संख्या जुळवा.

तेल भरलेला तयार सेट घ्या, पुढच्या चाकापर्यंत पुरेल एवढ्या होजचा (तेलाच्या नळीचा). होज कापली तर ऑलिव्ह आणि इन्सर्ट (होजचा जोड घट्ट करणारे छोटे भाग) नवे लागतात, हवा शिरली तर ब्लीडही करावं, म्हणजे ती हवा बाहेर काढावी लागते. होज जराशीच लांब असेल तर न कापता वळवून बांधा, फक्त हँडल पूर्ण फिरवून ती कुठे अडकत नाही ना ते बघा. शिमानोत मिनरल ऑइलच असतं, डॉट फ्लुइड (दुसऱ्या प्रकारचं ब्रेक तेल) घातलं तर सील खराब होतात. चाक काढल्यावर लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. वाहतूक करताना पॅडमध्ये स्पेसर ठेवा.

केबलवर चालणारे हायड्रॉलिक कॅलिपरही मिळतात. लिव्हर-शिफ्टर तेच राहतात, त्यामुळे तुमच्यासाठी हा पर्याय विचार करण्याजोगा आहे, पण केबलचं घर्षण तसंच राहतं. तेव्हा आउटर चांगलंच हवं. आणि कॅलिपर माउंटन बाइकच्या लिव्हरसाठीचा म्हणजे लाँग-पुलचाच (केबल जास्त ओढणाऱ्या लिव्हरला जुळणारा) घ्या.

नवे पॅड किंवा डिस्क लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशी वीसेक किलोमीटरवरून चालण्याच्या वेगापर्यंत वेग उतरवा, असं वीसेक वेळा. चाक लॉक होऊ देऊ नका आणि पूर्ण थांबू नका, नाहीतर पॅडचा थर डिस्कवर एका जागी जमतो आणि पुढे ब्रेक थरथरतो.