मदत हवी आहे: ल्यूट (गिटारसारखं जुनं युरोपियन तंतुवाद्य), त्याच्या जुन्या पुस्तकांच्या धड प्रती कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, या विभागात पहिल्यांदाच लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी डोंबिवलीचा, क्लासिकल गिटार वाजवतो, बारा वर्षं झाली तरी अजून हौशीच. मध्यंतरी जॉन डाउलंड या जुन्या इंग्लिश ल्यूटवादकाचे दोन-तीन तुकडे गिटारच्या नोटेशनवरून बसवले आणि तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की हे ल्यूटवाले ज्या टॅबवरून (कुठली तार कुठे दाबायची ते रेघांवर दाखवणारी लिपी) वाजवायचे त्याच टॅबवरून वाजवायचं. ल्यूट घ्यायची ऐपत नाही, पण गिटारची तिसरी तार G स्वरावरून एफ शार्पला उतरवली आणि तिसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला की सहा जोडतारांच्या ल्यूटचं ट्यूनिंग मिळतं, माझं तेवढ्यावर भागतं.

आता घोळ ऐका. स्पिनाचिनो या इटालियन ल्यूटवादकाच्या १५०७ च्या पुस्तकाचा स्कॅन नेटवर फुकट मिळाला. व्हेनिसला पेत्रुची या मुद्रकाने छापलेलं, आज हाताशी असलेल्या ल्यूटच्या छापील पुस्तकांत सगळ्यात जुनं. छपाई बघतच राहावी अशी. पण वाजवलं तर स्वयंपाकघरात भांडी कोसळल्यासारखं, बायको आतून म्हणाली, "आधी ट्यून तरी कर." दोन दिवसांनी ट्यूब पेटली की इटालियन टॅबमध्ये सगळ्यात खालची रेघ म्हणजे सगळ्यात पातळ तार, आपल्या गिटार टॅबच्या बरोब्बर उलटं! बरं, आकड्यांखाली बारीक बारीक ठिपके होते, मला वाटलं जुन्या कागदावरची घाण, म्हणून अख्खा रविवार घालवून मी पंधरा पानांवरचे ठिपके फोटो एडिटरमध्ये खोडून काढले. पानं कशी स्वच्छ दिसायला लागली.

मग म्हटलं फुकटच्या नादी नको, आणि एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'फॅक्सिमिली' (मूळ पानांची हुबेहूब प्रत) म्हणून २,३०० रुपयांचं पुस्तक मागवलं. आला तोच स्कॅन, पुसट करून छापलेला, वरचा मार्जिन इतका कापलाय की प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीवरच्या तालाच्या खुणाच गायब. कुठला स्वर किती वेळ धरायचा ते आता मी ठरवायचं.

तर विचारायचं असं की डाउलंडसाठी पोल्टन आणि लॅम यांनी संपादित केलेलं, फेबर प्रकाशनाने १९७४ ला काढलेलं जाडजूड पुस्तक शोधावं का, की फॅक्सिमिलीच बघावी? आणि स्पिनाचिनो मला झेपत नाहीये हे उघड आहे, त्या काळातलं सोपं काय आहे?

जोडतार:
अहो, ते ठिपके घाण नव्हती हो!! ठिपका असला की तो स्वर तर्जनीने वर छेडायचा, नसला की अंगठ्याने खाली. पेत्रुचीने पुस्तकाच्या सुरुवातीलाच नियम छापलेत, लॅटिनमध्ये आणि इटालियनमध्ये. तुम्ही उजवा हातच पुसलात की राव. 😄
सोपं हवं तर डाल्झा या ल्यूटवादकाचं पुस्तक घ्या, १५०८, तोच छापखाना, पेत्रुचीच्या ल्यूट-मालिकेतलं चौथं पुस्तक (तिसरं हरवलंय, मिळालं तर कळवा). पावाना, मग साल्तारेल्लो, मग पीवा, असे नाचाचे तुकडे जोडून दिलेत, बोटांना त्रास नाही.

उट्रेख्टकर:
डाउलंडसाठी लगेच पैसे घालू नका. केंब्रिज विद्यापीठाच्या डिजिटल लायब्ररीत डीडी २.११ हे हस्तलिखित उघडा, रंगीत स्कॅन, झूम करून कागदाचा पोत दिसतो. मॅथ्यू होम्स नावाचा ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमधला गायक, त्याने उतरवून घेतलेले तीनशेच्या आसपास तुकडे आहेत, त्यात डाउलंड भरपूर. ही फ्रेंच टॅब, म्हणजे वरची रेघ पातळ तार, आकड्यांऐवजी अक्षरं, ए म्हणजे मोकळी तार. सी हे अक्षर आर सारखं काढलेलं असतं, त्यात सगळे अडकतात, मीही आठवडाभर अडकलो होतो.
पोल्टन-लॅममध्ये टॅब आणि खाली स्टाफ नोटेशन दोन्ही आहे, चुका दुरुस्त केलेल्या आहेत, जुनी प्रत बऱ्या भावात मिळाली तर सोडू नका. पण एकाच तुकड्याची चार हस्तलिखितांत चार रूपं असतात, तिथे संपादकाने त्याला पटलेलं रूप निवडलेलं असतं. खुद्द डाउलंडने १५९७ च्या पुस्तकात तक्रार केलीय की माझे तुकडे मला न विचारता आणि चुकीचे छापले, आदल्याच वर्षी त्याचे तुकडे असलेलं विल्यम बार्लीचं पुस्तक आलं होतं. म्हणून मी दोन्ही शेजारी ठेवतो, वाजवायला छापील आणि शंका आली की हस्तलिखित. कागदावरची फॅक्सिमिली हवीच असेल तर इंग्लंडच्या ल्यूट सोसायटीची यादी बघा, ते लोक स्वतः वाजवणारे आहेत, मार्जिन कापणार नाहीत. आणि नुसता सराव करायचा तर सार्ज गर्बोडी यांच्या साइटवर हजारो तुकडे स्वच्छ टॅबमध्ये फुकट आहेत, मिडीसकट (संगणकावर ऐकता येणाऱ्या फाइली).

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. काल रात्री डाल्झाचा एक पावाना ठिपक्यांसकट वाजवला, अंगठा खाली, तर्जनी वर, आणि खरंच तो डुलायला लागतो, आधी नुसता टाइप केल्यासारखा वाजायचा. बायको काही बोलली नाही, म्हणजे ठीक असावं. होम्सचा सी मात्र मला अजून आरच दिसतोय. स्पिनाचिनोचा मूळ पीडीएफ परत उतरवायला लावलाय, ती स्वच्छ केलेली पंधरा पानं डिलीट.