डावी भुवई, गाल आणि चोंदलेलं नाक: हे दुखणं खरंच सायनसचं आहे का?

शाईपेन

वर्ष होत आलं, डोकेदुखी पाठ सोडत नाही. सुरुवात ठरलेल्या जागी होते: डाव्या भुवईचं नाकाकडचं टोक. तिथे अंगठा दाबून धरला की जरा बरं वाटतं, सोडला की पुन्हा तेच. तासाभरात दुखणं डोळ्यामागे सरकतं, मग गालाच्या हाडात उतरतं. त्याच बाजूची नाकपुडी चोंदते, त्याच डोळ्यातून पाणी येतं. बुटाची नाडी बांधायला वाकले तरी आत घण पडल्यासारखं होतं. आभाळ भरून आलं की तर हमखास.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर बारीक टाइपातली प्रुफं समोर असतात. दुखणं चढलं की अनुस्वार दिसेनासे होतात. शब्दावर टिंब आहे की कागदावरचा ठिपका आहे, हे ठरवायला तीच ओळ परत परत वाचावी लागते. शेवटी काम बाजूला ठेवून अंधार करून पडते. स्वयंपाकघरात कुणी झाकण ठेवलं तरी तो आवाज कपाळात घुसतो. जेवणावरची वासना जाते.

डॉक्टरांनी सायनस म्हणून अँटिबायोटिक दिली. पहिल्या वेळी बरं वाटलं, पुढच्या वेळी काही फरक नाही. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात डाव्या मॅक्सिलरी सायनसचं अस्तर किंचित जाड आणि नाकाचा पडदा डावीकडे झुकलेला, असं लिहिलंय. आता पडदा सरळ करायचं ऑपरेशन सुचवलंय. ताप कधीच नव्हता. नाकातून येतं ते पाण्यासारखं, पिवळं-हिरवं काही नाही. वास नीट येतो. रात्री झायलोमेटाझोलिनचे थेंब घातल्याशिवाय नाक उघडत नाही आणि आठवड्यातले बरेचसे दिवस पॅरासिटामॉल-आयब्युप्रोफेनची एकत्र गोळी घ्यावी लागते.

ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी, ज्यांनी हे भोगलंय त्यांचं ऐकायचंय. घाबरवू नका, पण खरं सांगा.

उंबरठा

ताई, तुमचं वाचताना माझ्याच जुन्या दुखण्याचं वर्णन कुणी लिहून काढलंय असं वाटलं. माझी उजवी बाजू, एवढाच फरक. मला कित्येक वर्षं सगळे सायनसच म्हणत होते, कारण नाक चोंदायचं आणि गाल दुखायचा. निदान निघालं मायग्रेनचं, म्हणजे आपली अर्धशिशी.

नाकाचा आणि अर्धशिशीचा काय संबंध, हा प्रश्न मीही न्यूरॉलॉजिस्टना विचारला होता. चेहऱ्याची संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल नावाची मोठी नस आहे. कपाळ, डोळा, गाल, वरचा जबडा, नाकाच्या आतलं अस्तर, सगळं तिच्याच फांद्यांवर. मायग्रेनमध्ये ही नस चेतवली जाते आणि तिच्यामुळे एक प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते. नाकातल्या रक्तवाहिन्या फुगतात, नाक चोंदतं, पाणी गळतं, डोळा पाझरतो. जंतू नसतानाही हे सगळं होऊ शकतं. हवा बदलली की दुखणं, हेही कितीतरी मायग्रेनवाले सांगतात. म्हणून ढगांकडे बोट दाखवून सायनस सिद्ध होत नाही.

२००४ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास छापून आला होता. सायनसची डोकेदुखी आहे असं ज्यांना स्वतःला वाटत होतं किंवा डॉक्टरांनी सांगितलं होतं, असे २,९९१ लोक त्यात होते. नीट तपासल्यावर त्यातल्या ८८ टक्क्यांची लक्षणं मायग्रेनच्या प्रकारात बसली. मला हे कळलं तेव्हा आधी राग आला आणि मग फार हायसं वाटलं.

डॉक्टर चाळणीसाठी तीन प्रश्न विचारतात: दुखताना मळमळतं का किंवा पोट ढवळतं का, उजेड खुपतो का, आणि गेल्या तीन महिन्यांत दुखण्यामुळे निदान एक दिवस तरी कामाचा खोळंबा झाला का. तीनपैकी दोनांना हो असेल तर मायग्रेनची शक्यता दाट. तुम्ही न विचारताच दोनांची उत्तरं जवळजवळ देऊन टाकली आहेत. मळमळीचं तेवढं स्वतःशी तपासून बघा. जेवण नकोसं होणं त्याच्या जवळचंच आहे.

मला सगळ्यात उपयोग झाला तो वहीचा. दुखणं कधी सुरू झालं, कधी संपलं, कुठली बाजू, उजेड-आवाज, नाकातून काय आलं, कुठली गोळी, झोप कशी, जेवण चुकलं का, पाळीची तारीख. बस, एवढंच, एका ओळीत. दोन महिन्यांत चित्र दिसायला लागलं. माझी मोठी दुखणी पाळीच्या आदल्या दोन दिवसांत आणि जागरणानंतर गर्दी करून यायची. सायनसला कॅलेंडर कुठून कळणार?

आणखी एक. ऐन दुखण्यात नाकाच्या डॉक्टरांकडे जा. दुखत असताना त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि आत पू, सूज काहीच नसेल, तर ती फार मोलाची माहिती असते. माझ्या बाबतीत तिथेच गाडं वळलं. पुढे सुमाट्रिप्टान हे मायग्रेनचं औषध मिळालं, दुखणं सुरू होताच घ्यायचं, आणि काही महिने रोजचं प्रतिबंधक औषध. दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण आता माझे आठवडे माझे असतात.

कर्णधार

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. तुम्हाला न तपासता निदान करणार नाही, पण स्कॅनबद्दल बोलायला हवं, कारण त्या एका ओळीवर ऑपरेशन उभं राहताना दिसतंय.

मॅक्सिलरी सायनस म्हणजे गालाच्या हाडातली पोकळी. तिचं नाकात उघडणारं तोंड तळाशी नसतं, वरच्या बाजूला असतं. त्यामुळे उभं असताना आतला स्राव वजनाने खाली वाहून जात नाही. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो वर ढकलत नेतात. साध्या सर्दीनेही हे काम मंदावतं आणि अस्तर काही काळ सुजतं. म्हणून कसलीच तक्रार नसलेल्या कितीतरी माणसांच्या स्कॅनमध्ये 'किंचित जाड' दिसतं. पडद्याचंही तसंच. अगदी सरळ पडदा फार थोड्यांना असतो. नाक कायम एका बाजूने बंद राहत असेल तर ते ऑपरेशन श्वासासाठी उपयोगी पडतं. निव्वळ डोकं थांबावं म्हणून ते करायचं असेल, तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच.

दीर्घकालीन सायनसायटिस (सायनसची सूज) म्हणायला लक्षणं १२ आठवडे तरी टिकलेली असावी लागतात आणि त्यात नाक चोंदणं किंवा घट्ट स्राव, जो पुढून येतो नाहीतर घशात उतरतो, यातलं एक हवंच. जोडीला चेहऱ्यावर दाब किंवा वास कमी होणं. शिवाय दुर्बिणीत किंवा स्कॅनमध्ये पुरावा लागतो. त्यात तीव्र दुखणं हे मुख्य लक्षण क्वचितच असतं. लोक जास्त करून जडपणा, बंद नाक आणि गेलेला वास यांची तक्रार करतात. तुम्हाला वास येतो आणि स्राव पाण्यासारखा आहे, हे मी महत्त्वाचं मानेन.

अँटिबायोटिकबद्दल: सर्दीनंतरचा बहुतेक सायनसायटिस विषाणूंचा असतो आणि आपोआप बरा होतो. दहा दिवसांनंतरही उतार नसेल, किंवा बरं वाटता वाटता पुन्हा ताप आणि दुखणं उसळलं, तर जिवाणूंचा विचार करायचा. पहिल्या कोर्सने आराम वाटला तो औषधाचा की झटका आपणहून ओसरला त्याचा, हे मागाहून सांगता येत नाही. मायग्रेनचा झटका उपचाराविनाही साधारण ४ ते ७२ तासांत ओसरतो.

मला खरी काळजी वाटते ती थेंबांची आणि गोळ्यांची. झायलोमेटाझोलिन सलग पाच-सात दिवसांपुढे वापरलं की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग पुन्हा थेंब. तुमचं रात्रीचं बंद नाक बऱ्याच अंशी त्या बाटलीतून येत असणं शक्य आहे. गोळ्यांचंही असंच चक्र असतं. साधी वेदनाशामक महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या किंवा सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान औषधं १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपुढे चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. उंबरठाताईंनी सांगितलेल्या वहीत गोळ्यांचा रकाना म्हणूनच ठळक ठेवा.

आणि हे थांबून वाचा. क्षणार्धात शिखराला पोचलेली, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी. तापासोबत मान आखडणं. डोळ्याभोवती सूज किंवा दोन-दोन दिसणं. हातापायात अशक्तपणा, बोलणं अडखळणं. लाल डोळा आणि दिव्याभोवती वलयं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं दुखणं. यातलं काहीही असेल तर वही, थेंब, चर्चा सगळं सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

मागचाबाक

शाईपेनताई, डाव्या बाजूची वरची दाढ एकदा दाखवून घ्या. माझं एकाच बाजूचं नाक वाहायचं आणि त्याला घाण वास यायचा, दुसऱ्या कुणाला यायचा नाही, मलाच. वरच्या दाढांची मुळं गालाच्या पोकळीच्या तळाला अगदी लागून असतात. माझ्या एका जुन्या, रूट कॅनॉल झालेल्या दाढेखाली पू होता. दाढ अजिबात दुखत नव्हती, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दंतवैद्यांनी ठोकून पाहिलं, तिथला स्वतंत्र फोटो काढला, तेव्हा सापडलं. तुमचं वर्णन वेगळं वाटतं हे खरं, पण सायनस एकाच बाजूचा असेल तर दात बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

झुळूक

मी रोज वाफ घेते आणि मिठाच्या पाण्याने नाक धुते, मला खूप बरं वाटतं. करून बघायला काय हरकत आहे? नळाचं कोमट पाणी घ्यायचं, चिमूटभर मीठ.

कर्णधार

नाक धुवा, पण नळाचं पाणी नको. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोन माणसांचा मेंदूत अमिबा शिरून मृत्यू झाला होता. असं फार क्वचित घडतं, पण टाळणं आपल्या हातात आहे. पाणी निदान एक मिनिट खळखळ उकळून गार केलेलं, किंवा डिस्टिल्ड. मीठ अंदाजाने नको, अर्ध्या लिटरला साडेचार ग्रॅम. बाटली रोज धुऊन वाळवायची.

वाफेचं म्हणाल तर २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ८७१ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात नाक धुण्याने थोडा फायदा दिसला, वाफेने सायनसच्या लक्षणांत फरक पडला नाही. ऊब छान वाटते, ती घ्या, पण उकळत्या पातेल्यावर वाकून नको. तसे भाजलेले चेहरे मी पाहिलेत, मुलांचेही.

शाईपेन

सगळ्यांचे मनापासून आभार. कालपासून वही सुरू केली. मळमळ होते, हो. आजवर ती रिकाम्या पोटाची समजत होते. आईला अर्धशिशी होती. ती डोक्याला घट्ट पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून निजायची. हे मला कुणी विचारलं नाही आणि सांगावं असंही कधी सुचलं नाही.

ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायला सांगितलंय. न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेतली आहे, दाढही दाखवणार आहे.

डॉक्टर, दोन गोष्टी. थेंब एकदम बंद केले तर रात्री श्वास कसा घेऊ? आणि रोजचं प्रतिबंधक औषध मिळालं तर लहानपणीच्या दम्याचं सांगायला हवं का? आता पंप लागत नाही, पण धुळीत छाती अजून शिळ घालते.

कर्णधार

दम्याचं पहिल्याच वाक्यात सांगा. मायग्रेन रोखायला प्रोप्रॅनोलॉल खूप दिलं जातं आणि दमा असलेल्यांना ते देत नाहीत, श्वासनळ्या आवळतात. अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट असे दुसरे पर्याय आहेत, ते ठरवतील. आयब्युप्रोफेननंतर कधी छाती भरली असेल तर तेही सांगा. काही दमेकऱ्यांना ते चालत नाही.

थेंबांचं असं करा. आधी एकाच नाकपुडीत बंद करायचे, दुसरी चालू ठेवायची, म्हणजे रात्री एक वाट मोकळी राहते. पहिली सुधारली की दुसरीतले थांबवायचे. त्याच काळात नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे लागतो, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, तुमच्या डॉक्टरांना विचारून. तो लगेच नाक उघडत नाही, पूर्ण गुण यायला दोनेक आठवडे जातात. मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या. टोक पडद्याकडे न धरता त्याच बाजूच्या कानाकडे वळवायचं, म्हणजे पडद्याला जखम होऊन रक्त येत नाही. जोरात ओढायचं नाही, ओढलं तर औषध घशात जातं. पहिल्या काही रात्री वाईट जातील, उशी थोडी उंच घ्या.