अनुभव धागा: आपण पाहिलेलं स्विंडन

लंडनहून ब्रिस्टलच्या गाडीत बसलं की वाटेत स्विंडन लागतं, पण तिथे उतरावं असं फारसं कुणाला वाटत नाही. नाव काढलं की लोकांना आठवतं ते पाच छोट्या वाहतूक बेटांचं मॅजिक राउंडअबाउट, नाहीतर आउटलेट मॉल. इंग्लंडमध्ये या गावाला नावं ठेवायची जुनी खोड आहे. आणि ज्या गावाला सगळे मिळून कुरूप ठरवतात, तिथली इमारत पाडली तर कुणाला हळहळ वाटत नाही, कुणी फोटोही काढून ठेवत नाही. मला हे फार लागतं, म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेकडीवर बाजाराचं जुनं गाव होतं, ते आजचं ओल्ड टाउन. १८४० मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या इंजिनांचे प्रमुख डॅनियल गूच यांनी रेल्वेचे मुख्य अभियंता ब्रुनेल यांना टेकडीखालची जागा सुचवली आणि १८४३ मध्ये तिथे रेल्वेचा कारखाना सुरू झाला. ऐन भरात तिथे १४,००० च्या वर माणसं कामाला होती. ब्रिटिश रेल्वेचं शेवटचं वाफेचं इंजिन, ईव्हनिंग स्टार, १९६० मध्ये इथेच बांधलं गेलं. १९८६ मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. त्याच्या आधी, सत्तरच्या दशकातच, गावाच्या मध्यभागी मोडतोड सुरू झाली होती. ब्रुनेल सेंटर हा मॉल तेव्हाचा. कॅनॉल वॉक हा दुकानांचा रस्ता ज्या कालव्याच्या जागी आहे, तो कालवा तर १९१४ मध्येच कायद्याने मोडीत निघाला होता. आता फ्लेमिंग वे खोदून तिथे बसगाड्यांसाठी नवा रस्ता केलाय.

इथे आपली माणसं बरीच आहेत. नेशनवाइड, इंटेल या कंपन्यांच्या कामासाठी पुण्या-मुंबईहून आलेली, आणि गोव्याची तर हजारोंनी. तुम्ही जिथे राहिलात, खरेदी केलीत, बसची वाट पाहिलीत, तिथे आधी काय होतं आणि आता काय आहे, एवढंच लिहा. नावं-पत्ते नकोत, परिसर आणि साल पुरे.

रेल्वे व्हिलेज, २००८ पासून

माझे आजोबा लोअर परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. आमची चाळ गिरणीला लागून. भोंगा झाला की आजी चहाचं आधण ठेवायची. त्यामुळे इथे भाड्याने घेतलेल्या घराची गल्ली रेल्वेने कामगारांसाठी बांधलेली आहे हे कळल्यावर मी त्या दगडी भिंतींकडे वेगळ्याच मायेने बघायला लागले. आजूबाजूच्या गल्ल्यांची नावं ब्रिस्टल, टॉन्टन, एक्सेटर. ज्या स्टेशनांना गाड्या जायच्या, त्यांचीच.

शेजारचे आजोबा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला इथल्या भोंग्याबद्दल सांगितलं. तो मैलोन् मैल ऐकू जायचा. एकोणिसाव्या शतकात लिडियार्डच्या उमरावाने झोपमोड होते म्हणून तक्रार केली होती, आणि कामगारांनी तो वाजता ठेवण्यासाठी नेटाने भांडण केलं. मार्च १९८६ मध्ये तो शेवटचा वाजला, तेव्हा लोक अंगणात येऊन उभे होते म्हणे. जुलैतली ट्रिपही त्यांच्याच तोंडून ऐकली. कारखाना बंद ठेवायचा, सगळ्यांना गाडीचा प्रवास फुकट. अर्धं गाव समुद्रावर जायचं आणि मागे राहिलेल्यांना रस्ते ओस वाटायचे.

एका शनिवारी ते मला कारखान्याच्या जुन्या इमारतींत झालेल्या आउटलेट मॉलमध्ये घेऊन गेले. रुळांखालच्या भुयारातून गेलो. पूर्वी पाळीचे कामगार याच भुयारातून आत जायचे, आता खरेदीच्या पिशव्या घेतलेली माणसं जातात. आत विटांच्या उंच भिंती तशाच आहेत, वर क्रेनचे लोखंडी गर्डरही आहेत. ते दारापासून खांब मोजत चालले, एका बुटांच्या दुकानापाशी थांबले आणि म्हणाले, "माझं बाक इथे होतं." विक्रेत्या मुलीने काही हवंय का विचारलं. त्यांनी तिलाही सांगितलं. ती पोर काउंटर सोडून बाहेर आली आणि त्या खांबापाशी उभी राहून त्यांचं सगळं ऐकत बसली. आमच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर जे झालं ते मी लहानपणापासून पाहिलंय. फिनिक्स मिलच्या मॉलमध्ये माझ्या शेजाऱ्यांपैकी कुणाला त्यांचा साचा (माग) कुठे होता ते विचारणारं कुणी भेटलं का, हा प्रश्न त्या दिवसापासून मनातून जात नाही.

ओल्ड टाउन, १९७९ पासून

मी प्रिन्सेस मार्गारेट हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणून नोकरीला लागलो. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाल्यावर अगदी पायापासून नव्याने बांधलेल्या पहिल्या मोठ्या हॉस्पिटलांपैकी ते एक. २००२ मध्ये मोटरवेजवळ ग्रेट वेस्टर्न हॉस्पिटल सुरू झालं, जुनं पाडलं, आणि ओकस रोडवर त्या जागी घरं झाली. माझी दोन्ही मुलं जिथे जन्मली तिथे आज कुणाची तरी स्वयंपाकघरं आहेत.

नव्या हॉस्पिटलबद्दल तक्रार नाही, सोयी उत्तम आहेत. पण कारखान्याची एक गोष्ट पाडून जात नाही, ती लिहून ठेवतो. माझ्या पेशंटांत बॉयलर दुरुस्त करणारे बरेच जण बहिरे होते. डोक्याशी दिवसभर हातोडे चाललेले. त्याहून वाईट म्हणजे ॲस्बेस्टॉस. डब्यांना आणि बॉयलरला लावायचे त्याचे तंतू छातीत जातात आणि तीस-चाळीस वर्षांनी फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो. या गावात तो इतका दिसला की लोक त्याला "स्विंडनचा रोग" म्हणायचे. कारखाना बंद होऊन मॉल सुरू झाल्यावरही ती माणसं माझ्यासमोर येऊन बसत होती. नवऱ्याचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा आजार होऊ शकतो. एका बाईंनी मला विचारलं होतं, "मी तर कधी फाटकाच्या आत गेले नाही, मग मला कसा?" मी त्यांना कपड्यांबद्दल सांगितलं. त्या बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

याच कामगारांनी १८४७ मध्ये पगारातून पैसे कापून देऊन मेडिकल फंड उभा केला होता. डॉक्टर, औषधं, दवाखाना, आणि १८९० च्या दशकात मिल्टन रोडवर पोहण्याचे तलाव आणि टर्किश बाथ. पुढे एनएचएस आखताना या फंडाचा नमुना डोळ्यांसमोर होता. मिल्टन रोडची ती इमारत आजही उभी आहे. स्विंडनला हसणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

मँचेस्टर रोड, २००९ पासून

मी पेडण्याचा. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळतं. आजोबांच्या कागदांवर मी ते घेतलं आणि इथे आलो, तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होतं. गोदामात रात्रपाळी. एका घरात आम्ही सासष्टीचे, बार्देशचे, दिवाडीचे, सगळे मिळून राहायचो. घरात बसायला जागा नव्हती, म्हणून गावाच्या मध्यभागी जाऊन बसायचं.

आमचं ठिकाण म्हणजे टेंटेड मार्केट. पांढऱ्या तंबूंसारखं छप्पर, खाली छोटे गाळे. पाऊस असो की थंडी, तिथे एक पैसा खर्च न करता उभं राहता यायचं, कुणी हटकायचं नाही. खोली कुठे रिकामी आहे, कुठल्या गोदामात माणसं हवीत, पार्सल घेऊन गोव्याला कोण चाललाय, सगळं तिथेच कळायचं. २०१७ मध्ये ते बंद पडलं. गिऱ्हाईक कमी होतं हे खरं, मी रोज बघत होतो. पण खरेदी न करणारी आमच्यासारखी माणसं कुठल्याच हिशेबात धरली जात नाहीत. आता भेटायचं तर रविवारी होली रूड चर्चच्या बाहेर. मी हिंदू, तरी मिस्साच्या वेळेला तिथे जातो, कारण गावची माणसं तिथे भेटतात. नाहीतर रीजंट सर्कसजवळची लायब्ररी. ती २००८ मध्ये बांधलेली नवी इमारत आहे आणि मला मनापासून आवडते. इंग्रजी मी तिथेच बसून वाचायला शिकलो. नवं ते सगळं वाईट, असं माझं म्हणणं नाही.

वेस्ट स्विंडन, जन्म इथलाच

मराठी आईने शिकवलं, चुका असतील तर सांगा. माझी आठवण ओअॅसिसची. मोठा काचेचा घुमट, त्याखाली तलाव, घसरगुंड्या, झाडं. १९७६ चा. बाहेर बर्फ आणि आत इतकी ऊब की चष्म्यावर वाफ धरायची. ओअॅसिस बँडने नाव इथूनच घेतलं, एका पोस्टरवर या जागेचं नाव वाचून. नोव्हेंबर २०२० मध्ये ते बंद झालं. पुढच्याच वर्षी घुमटाला वारसा इमारतीचा दर्जा मिळाला, त्यामुळे परवानगीशिवाय पाडता येत नाही, पण बंद तो बंदच. माझ्या पुतणीला पोहणं शिकवायचं होतं, तिला मी दुसऱ्या तलावावर नेते. छप्पर पत्र्याचं आहे. तिने वर पाहून काही विचारलं नाही, तेव्हा मला वाईट वाटलं.

स्ट्रॅटन, २०१४ पासून

साउथ मार्स्टनच्या होंडा कारखान्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. युद्धात तिथे विमानं बनायची, स्पिटफायरसुद्धा. होंडाने १९८५ मध्ये ती जागा घेतली, १९९२ पासून गाड्या सुरू. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंद करणार असं जाहीर झालं, सुमारे ३,५०० नोकऱ्या. ३० जुलै २०२१ ला शेवट. मी सुटे भाग पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होतो, म्हणजे त्या ३,५०० मध्ये माझी गणतीच नाही. आता तिथे गोदामं उभी राहताहेत. पहाटे सहाला पाळी बदलताना ए-४१९ वर जी गर्दी व्हायची, ती आता नसते.

ओल्ड टाउन, २०११ पासून

मुलांना घेऊन बाथ रोडवरच्या म्युझियममध्ये जायचे, अॅप्सली हाउसमध्ये. तिथे पेंढा भरलेली एक सुसर होती. नीट बघितलं तर लांब, निमुळतं तोंड. आपल्या उत्तरेकडच्या नद्यांतली घडियाल! मुलांनी तिथल्या बाईंना विचारलं, तर त्यांनी इतक्या आनंदाने माहिती दिली की आमचा तासभर तिथेच गेला. २०२० मध्ये म्युझियम बंद झालं तेव्हा मोठ्या मुलाने पहिला प्रश्न केला, सुसरीचं काय करणार? २०२४ मध्ये युक्लिड स्ट्रीटवरच्या नगरपालिकेच्या इमारतीत ते पुन्हा उघडलं. गावाने काहीतरी परत आणलं, याचीही नोंद असावी म्हणून लिहिलं.

टाउन सेंटर, २०१६ पासून

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. कारखान्याची जागा पडीक राहिली असती तर छपरं कोसळली असती. १९९७ मध्ये आउटलेट आलं, २००० मध्ये रेल्वेचं स्टीम म्युझियम, २००५ मध्ये वारसास्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टचं मुख्य कार्यालय. भिंती राहिल्या, रोजगार आला. वर डॉक्टरसाहेबांनी त्या भिंतींच्या आत काय होतं ते लिहिलंच आहे. माझी बायको आउटलेटमध्ये काम करते, त्या पगारावर आमचं घर उभं राहिलं. माझा राग आहे तो न पाडलेल्या आणि न वापरलेल्या जागांवर. डेबेनहॅम्स हे मोठं दुकान २०२१ मध्ये बंद झालं, त्या काचांसमोरून मी रोज जातो.

(धागाकर्ती)

तुमचं म्हणणं पटलं, आणि त्याचं सर्वांत मोठं उदाहरण माझ्या रोजच्या वाटेवर आहे. एमलिन स्क्वेअरमधली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन. १८५५ ची इमारत, कामगारांनी वर्गणीतून चालवलेली. वाचनालय, व्याख्यानं, नाटकं, नाच, सगळं एका छताखाली. कारखाना गेला त्याच वर्षी ती बंद झाली. वारसा यादीत नाव आहे, एकामागून एक योजना झाल्या, मालक बदलले. खिडक्यांना फळ्या मारलेल्या आहेत आणि गटारींतून झुडपं उगवली आहेत.

आम्ही दरवर्षी गणपतीसाठी हॉल शोधतो. शाळांचे, चर्चचे, मिळेल तो घेतो आणि दहा वाजता कुलूप लावून बाहेर पडतो. अख्ख्या गावाने बसावं म्हणून बांधलेला हॉल गावाच्या मध्यभागी रिकामा आहे. या इमारतीबद्दल नगरपालिकेच्या सभेत नागरिकांना प्रश्न विचारता येतो. मी प्रश्न लिहायला घेतलाय. स्विंडनमधल्या ज्यांना सही करायची असेल किंवा सोबत यायचं असेल, त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.